मला दया दाखवून सोडलं, त्याची हकीकत

एक होता पोवळ्यांचा खडक. खडकाला होती कपार, कपारीत होते मी, आणि माझ्या आजूबाजूला राहत होत्या माझ्या सवती. आम्हां सगळ्यांचा मिळून नवरा होता एकच. शेजारच्या भोकात होती वामबाई. आणि वर, पाण्याच्या छपरावर, एका बोटीत होता दातांचा डॉक्टर, डॉक्टरची बायको आणि बोट चालवणारा मामा. खालच्यांनी वरच्यांचं कधी काही वाकडं केलं नव्हतं. पण वरच्यांना रविवारची सुट्टी असायची, त्याला खालच्यांनी काय करावं?

मी हेकरू बोलतेय. ओळखलं नसेल तर सांगते. अंगाने भरलेली, रंगाने तपकिरी, वर विटकरी ठिपके, खालचा ओठ पुढे आलेला, आणि चेहरा असा, की लग्नघरात कुणी विचारलं नाही म्हणून रुसलेली आत्या. मी रुसलेली नसते हो, चेहराच तसा आहे. पण हे कुणाला पटत नाही.

मला लिहिता-वाचता येत नाही. पाण्यात राहणारीला कागदाचा उपयोग तरी काय? पण कान तिखट आहेत. बोटीत बोललेलं बोटीच्या बुडाला लागून सरळ खाली उतरतं. वरच्यांना वाटतं, समुद्र काय ऐकतोय! म्हणून घरात जे बोलता येत नाही ते सगळं आमच्या डोक्यावर येऊन बोलतात. कुणाच्या सुनेचं कुणाशी पटत नाही, हे मला खडकावरच्या शिंपल्यांपेक्षा जास्त ठाऊक आहे.

जन्म कुठल्या घरात झाला विचाराल, तर उघड्यावर झाला. आईने अंडी सोडली, बापाने आपलं काम केलं, आणि दोघंही जेवायला निघून गेली. मागे वळून कुणी पाहिलं नाही. भावंडं इतकी, की नावं ठेवायची म्हटली असती तर नावं संपली असती. पण ती वेळ आलीच नाही. बहुतेकांना त्याआधीच कुणी ना कुणी गिळलं.

मी वाचले ती काट्यांमुळे. आमच्या पोरांच्या पाठीवर एक आणि पोटाखाली दोन असे लांबलचक काटे असतात, अंगाच्या मानाने अगदी शोभत नाहीत असे. अंग काचेसारखं आरपार, आणि काटे मात्र हे एवढे. गिळणाऱ्याच्या घशाला टोचलं की तो थुंकून टाकतो. मला किती जणांनी थुंकलं असेल, मोजलं नाही. लहानपणी एवढा मान मिळाल्यावर माणूस काय, मासासुद्धा खंबीर होतो.

वाहत वाहत किनाऱ्याला लागले. तिथे खारफुटीच्या मुळांत लपून मोठी झाले, काटे आखूड झाले, अंगाला रंग आला. मग एके दिवशी गाशा गुंडाळला आणि या खडकावर आले. इथली कपार मोकळी होती. म्हणजे मोकळी नव्हती, एक खेकडा होता. नंतर मोकळी झाली.

तेव्हापासून पत्ता बदललेला नाही. डॉक्टर एकदा बोटीत मोठ्याने वाचत होता की हेकरू हा सुस्त मासा असून तो एकाच जागी बसून राहतो. दिवसभर खुर्चीशेजारी उभा राहून लोकांच्या तोंडात बघणाऱ्या माणसाने हे वाचावं! अहो, आम्ही बसतो म्हणजे लक्ष ठेवतो. आमचं तोंड म्हणजे घराचं दार. पाहुणा समोरून चालला की दार एकदम उघडायचं. पाणी आत, पाण्याबरोबर पाहुणाही आत. पाठलाग नाही, दमछाक नाही, चावाचावी नाही.

पाहुणा फटीत शिरून बसला तरच पंचाईत. मग मी वामबाईच्या दारात जाते आणि मान हलवते. ती लांबडी, निसरडी बाई कुरकुरत बाहेर येते. मी फटीवर जाऊन डोकं खाली, शेपटी वर अशी उभी राहते, म्हणजे बघ, इथे आहे. ती आत शिरते. घाबरून तो बाहेर आला तर माझा, आत सापडला तर तिचा. इतकी वर्षं झाली, वाटणीवरून शब्द नाही. दोन घरांच्या मध्ये एक भिंत असलेल्यांनी हे जरा ऐकून ठेवावं.

दातांचं म्हणाल, तर ती सोय खालीही आहे. निळ्या पट्ट्यांचा, करंगळीएवढा एक सफाईवाला मासा आहे. त्याच्या जागेवर जाऊन आ वासून थांबायचं. तो सरळ तोंडात शिरतो, दातांतलं, कल्ल्यांतलं सगळं टिपून खातो आणि निवांत बाहेर येतो. माझ्या तोंडात जाऊन बाहेर येणारा तो एकटाच. तो कधी 'दुखणार नाही' म्हणत नाही. आणि खरंच दुखत नाही.

आता आमच्या घरातली एक गोष्ट सांगते, ती ऐकून वरच्यांनी उगाच तोंडावर हात ठेवू नये. आम्ही हेकरू सगळ्या मुलीच जन्मतो. एकजात मुली! मुलगा झाला नाही म्हणून उसासे टाकणारं, सुनेला धारेवर धरणारं आमच्यात कुणी नाही. पोरी मोठ्या होतात, अंडी घालतात, वर्षं जातात. मग त्यांतली जी सगळ्यांत थोर, सगळ्यांत दांडगी, ती गरज पडली तर बाप्या होते. आधी आयुष्यभर बाई म्हणून राबून दाखवायचं, मग पुरुष व्हायचं. तुमच्यात हा नियम असता तर किती घरं सुधारली असती!

मी खडकावर आले तेव्हा आमचे हे आधीच बाप्या होते. नाव घेत नाही, आमच्यात पद्धत नाही. ह्यांचं काम काय, तर अंग फुगवून खडकावरून फेरी मारायची. दुसऱ्या खडकाचा कुणी दिसला की रंग गडद करून दाखवायचा. पोटातून घुमल्यासारखा आवाज काढायचा, आणि परत येऊन असं बसायचं की जणू समुद्र ह्यांनीच आडवा धरून ठेवलाय.

पण खोटं कशाला बोलू, वर्षातून एकदा ह्यांच्याशिवाय चालायचं नाही. पाणी उबदार व्हायला लागलं आणि चंद्र भरला, की खडकाच्या टोकाला आमचा मेळा भरतो. लांबलांबून बाया येतात, पोटं अंड्यांनी तट्ट फुगलेली. दिवस कलला की एकेक बाई वर झेपावते, तिच्या मागे हे. अंडी आणि बीज पाण्यात एकदमच सुटतं, दुधाचा ढग उठावा तसं. बाप्या नसेल तर ढग उठतो, पण आत जीव धरत नाही. आमच्या खानदानाचं सगळं त्या संध्याकाळवर अवलंबून.

हे सगळं सुरळीत चाललं होतं, म्हणून वरच्यांनी त्यात लक्ष घातलं.

झालं काय, की डॉक्टरला छंद लागला. दाढा उपटून समाधान होईना, म्हणून समुद्रातून मासे उपटायला लागला. त्यासाठी बोट ठरवली. त्या बोटीचा मामा. मामाला सगळे मामाच म्हणायचे, त्याची स्वतःची बहीणसुद्धा. डॉक्टरीणबाई कशाला यायच्या, ते त्यांनाच ठाऊक. त्यांना बोट लागायची, ऊन लागायचं, माशाचा वासही लागायचा. तरी दर खेपेला हजर, कारण नवऱ्याला एकटं सोडलं तर तो समुद्रात पडेल अशी त्यांची खात्री होती.

त्यात वरच्यांचा एक नियम होता. हा त्यांचा मोठेपणा बघा. लहान मासा लागला तर सोडून द्यायचा, मोठा लागला तर न्यायचा. लहानांवर दया करा! ऐकायला किती छान वाटतं. आता आमच्यात मोठा म्हणजे कोण? बाप्या. म्हणजे ज्या खडकावर शोधून शोधून एकच नवरा आहे, तिथला नेमका तोच न्यायचा, आणि मागे उरलेल्या बायांना म्हणायचं, 'बघा, तुम्हाला जीवदान दिलं!'

आमच्या ह्यांना नेलं ते मेळ्याच्या तोंडावर. गळाला लावलेला मासा ह्यांनी पाहिला. वामबाई म्हणाली, "थांबा, त्याला दोरी आहे." पण बाईमाणसाचं ऐकलं तर ते हे कसले? गेले.

वरचा आरडाओरडा अजून कानात आहे.

"अगं, बघ, बघ! केवढा आहे! फोटो काढ लवकर!"

"काढते. आधी ते पोट आत घ्या."

"माशाचं कसं आत घेऊ?"

"तुमचं!"

पुढे बोलण्यातून कळलं, की आमचे हे डॉक्टरच्या दवाखान्यात भिंतीवर लागले. आ वासलेले, डोळे बाहेर आलेले. त्या खुर्चीत बसणाऱ्यांना अगदी जवळचे वाटत असतील.

त्या वर्षीही आम्ही मेळ्याला गेलो. सवय असते. सगळ्या जमल्या, चंद्र भरला, दिवस कलला. एकमेकींकडे बघत बसलो. अंडी पोटात ठेवून तरी कुठे ठेवणार? एकेक करून वर गेलो आणि सोडून आलो. पाणी क्षणभर पांढरं झालं, मग पुन्हा निळं. त्या वर्षी आमच्या जातीचं एकही पोर खारफुटीला लागलं नाही.

परत आल्यावर धाकटी सवत माझ्या कपारीशी आली. ही धाकटी अंगाने बेताची, पण जीभ लांब.

"ताई, आता तुम्हालाच व्हावं लागणार."

"काय व्हावं लागणार?"

"आमचे हे."

"मीच का गं?"

"तुमचं तोंड सगळ्यांत मोठं आहे, ताई."

आमच्यात हा अपमान नाही, पात्रता आहे. माझ्याशिवाय दुसरी कुणी त्या वयाची, त्या अंगाची उरलीच नव्हती. बाकीच्या कोवळ्या. मी झाले नाही, किंवा होता होता मला काही झालं, तर पुढचा मेळाही कोरडा. आणि असे दोन-चार मेळे कोरडे गेले की खडक राहतो, पण घर बसतं. झालं, ठरलं.

बाईचा बाप्या व्हायला महिने लागतात. आत सगळं घर पाडून नव्याने बांधल्यासारखं होतं. पहिला फरक कुठे पडला म्हणाल, तर मला वाटायला लागलं की खडकावर जे काही चाललंय ते माझ्यामुळेच चाललंय. दुसरा फरक, धाकटी बोलायला लागली की मला ऐकू येईनासं झालं. एकदा तर मी उगाचच अंग फुगवून फेरी मारून आले. कशासाठी, ते आजही सांगता येणार नाही. वामबाई दारातून बघत होती. म्हणाली, "लागली लक्षणं दिसायला."

आणि भूक! आतलं बांधकाम काय फुकट होतं? दार उघडं ते उघडंच.

इकडे वर काय झालं, तर मोठा मासा लागेनासा झाला. बापे संपवल्यावर लागणार कुठून? पण वरच्यांना हे कोडं काही सुटेना. शेवटी त्यांना कळवळा आला. डॉक्टर आणि त्याचे छंदी दोस्त जमले आणि त्यांनी ठरवलं, की यापुढे कुणी मासा घरी न्यायचा नाही.

"मामा, आता फक्त पकडायचं आणि सोडायचं," डॉक्टर बोटीत सांगत होता. "निसर्गाशी खेळ नको."

"मग पकडायचं कशाला, साहेब?"

"खेळ म्हणून!"

मामाने इंजिन चालू केलं, ते बरं केलं.

मेळा तोंडावर आला होता. माझं बांधकाम जवळजवळ पुरं झालं होतं. त्या दिवशी समोरून एक मासा गेला, चांगला लुसलुशीत. जरा जास्तच हळू जात होता. वामबाई म्हणाली, "थांब, त्याला..." पुढचं मला ऐकू आलं नाही. सांगितलं ना, लक्षणं लागली होती.

टाळूत गळ रुतला आणि मी वर निघाले.

आम्ही खोलात राहणारी. आमच्या अंगात एक हवेची पिशवी असते, तिच्या जोरावर आम्ही पाण्यात न बुडता, न तरंगता राहतो. खाली पाण्याचा भार असतो, म्हणून ती बेताची राहते. वर खेचलं की भार उतरतो आणि पिशवी फुगते. हळू आणलं तरी फुगते. डॉक्टर तर दाढ उपटावी तसा उपटत होता. पोट फुगलं, डोळे बाहेर आले, आणि आतल्या हवेने माझं जठर उलटं करून तोंडातून बाहेर ढकललं. पावशेर गुलाबी फुगा. असं सजून मी बोटीत अवतरले.

"अगं, बघ, बघ!" डॉक्टर ओरडला. मग माझ्या तोंडाकडे बघून एकदम गंभीर झाला. दवाखान्यातला आवाज काढून म्हणाला, "जीभ सुजली आहे हिची. आत पू झालाय. टोचून काढावा लागेल."

हयातभर तोंडं बघितली, पण तोंडात जे दिसेल ते तोंडाचंच, ही समजूत काही गेली नाही.

"जीभ कसली, साहेब? फुप्फुस आहे ते," मामा म्हणाला.

"माशाला फुप्फुस?"

"मग एवढा श्वास कुठून घेतो?"

डॉक्टरीणबाई मात्र वाकून माझ्या पोटाकडे बघत होत्या. त्यांनी दोघांना हाताने मागे सारलं. "अहो, तुम्हाला दिसत नाही का? पोटुशी आहे बिचारी! दिवस भरलेत!"

आता बघा. महिन्यांमागून महिने खपून मी जन्मात पहिल्यांदा बाप व्हायला निघाले, आणि नेमकं त्याच वेळी कुणीतरी मला गरोदर म्हणावं!

"मग सोडूया लगेच," डॉक्टर घाईघाईने म्हणाला. "फोटो काढ. उचलून धरतो."

"पोटाला हात लावू नका!"

"मग धरू कुठे?"

शेवटी फोटो निघाला. डॉक्टरने मला पाण्यात ठेवलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "जा बाई. तू मुक्त आहेस."

मी मुक्त होते. इतकी मुक्त, की खाली जाताच येईना. हवेने भरलेली पिशवी मला बुचासारखी वर धरून होती. शेपटी मारत होते आणि तिथेच गोल फिरत होते. पोट आकाशाला. वर ऊन. पक्षी जमायला लागले. एकाने येऊन माझ्या डोळ्याला चोच लावून बघितली, भाजीवाल्याकडे टोमॅटो दाबून बघतात तशी.

खाली धाकटी वाट बघत असेल. मेळ्याला बाया निघाल्या असतील. आणि घरातला एकमेव होऊ घातलेला बाप वर उन्हात उताणा पडून लोकांच्या दयेचा आस्वाद घेत होता.

"बघ, किती शांत वाटतंय तिला," डॉक्टर म्हणाला.

"शांत? अहो, ती तरंगतेय!" डॉक्टरीणबाई.

"दमली असेल, वहिनी. पडेल जरा," मामा म्हणाला. "चला, ऊन चढलं."

"खबरदार इंजिन चालू कराल तर! पक्षी टोचताहेत तिला. भर उन्हात, उघड्यावर, अवघडलेल्या बाईला असं टाकून जायचं? काही आडोसा नको?"

आणि बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. बोटीच्या टोकाला बाटल्या ठेवायची एक जाळीदार प्लास्टिकची क्रेट होती. मामाने तिच्या कडेला सुट्या नांगराची जाड साखळी तारेने गच्च बांधून ठेवली होती, बोट हलली की खडखडाट नको म्हणून. बाईंनी क्रेट ओढली, वाहून जाऊ नये म्हणून तिला दोर बांधला, आणि उलटी करून माझ्यावर झाकली. आडोसा.

"वहिनी, साखळी! साखळी आहे त्याला!" मामा ओरडला.

"असू दे, म्हणजे वाऱ्याने उडणार नाही!"

नाहीच उडाली. बुडाली. साखळीच्या भाराने क्रेट सरळ तळाकडे निघाली आणि तिच्याखाली अडकलेली मीही निघाले. वर बाईंची किंकाळी, डॉक्टरचं "अगं, काय केलंस!", आणि मामाचं काहीतरी, जे मी या वयात सांगत नाही.

मी खाली जात होते. जसजसं खोल गेले तसतसा पाण्याचा भार अंगावर आला. एरवी आपण भाराला नावं ठेवतो. त्या दिवशी कळलं की भार म्हणजे घर. पिशवी आकसली. पोट बसलं. डोळे जागेवर गेले. जठर आल्या वाटेने आत गेलं, तक्रार न करता. तळाशी क्रेट टेकायच्या आतच मी तिच्या उघड्या बाजूने बाहेर पडले. वामबाई तिच्या दारात होती. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मी काय म्हणत होते, त्याला दोरी आहे."

वर त्यांनी दोर ओढून क्रेट काढली. रिकामी.

"मेली," डॉक्टर म्हणाला.

"मरायला काय झालं? मेली असती तर परत वर नसती का आली?" बाई म्हणाल्या. "घरी गेली. बाळंतपणाला बाई आपल्याच घरी जाते."

डॉक्टर दोर गुंडाळायला लागला. लग्न बरंच जुनं असावं.

त्यानंतर गंमतच झाली. दुसऱ्या खेपेला दुसरी हेकरू लागली, तीही तशीच फुगलेली. बाईंनी तीही पोटुशी ठरवली आणि क्रेटखाली घालून पाठवली. मग तिसरी. मग डॉक्टरच्या दोस्तांच्या बोटींवर क्रेटी आल्या. डॉक्टर सगळ्यांना सांगतो की थंड पाण्यात जिभेची सूज उतरते. मामा सांगतो की फुप्फुसाला खालची हवा मानवते. बाई सांगतात की बाळंतिणीला आडोसा हवा. तिघांचंही साफ चूक, आणि मासे मात्र जिवंत. आजवर वरच्यांनी आमचं जे काही भलं केलं, त्यात हे एकच खरं निघालं, तेही चुकून.

हे सगळं पुढचं. त्याआधी मेळ्याचा दिवस आला. खडकाच्या टोकाला बाया जमल्या, पूर्वीपेक्षा कमीच. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी नवी, अवघडलेली, गळाच्या जखमेने टाळू अजून दुखरा. बाई म्हणून या मेळ्याला कितीदा आले होते, पण बाप्या म्हणून काय करायचं, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

"ताई, आवाज काढा," धाकटी कुजबुजली.

"कुठला?"

"ते काढायचे तो."

काढला. पहिला फुसका निघाला. दोघी-तिघींनी तोंड फिरवलं. दुसऱ्यांदा पोटातून असा घुमला, की माझी मीच दचकले.

तेवढ्यात वर बोटींची घरघर आली. एक नाही, चांगल्या चार-पाच. मेळ्याच्या जागी मासे एकत्र सापडतात, हे छंदी लोकांना ठाऊक असतं. गळ खाली आले असते तर या भुकेल्या, भारावलेल्या बायांतली एकही थांबली नसती. अशा वेळी भान कुणाला असतं? आणि मग क्रेट असो नाहीतर पालखी, संध्याकाळ गेली म्हणजे गेलीच.

पण बोटींत डॉक्टरीणबाई होत्या.

"अहो पलीकडचे! गळ आवरा आधी!"

"का हो वहिनी? काय झालं?"

"खाली बायका अडल्या आहेत आणि वरून गळ सोडता? तुमच्या बहिणीच्या वेळी कुणी खिडकीतून आकडे टाकले होते का?"

"अहो वहिनी, मासे आहेत ते..."

"मग तुम्ही तरी माणसासारखे वागा!"

मग एकेक इंजिन चालू झालं आणि दूर गेलं. बाईंचीच बोट तेवढी थांबली. डॉक्टरने हळूच विचारलं, "मी एकदाच टाकू का?" त्यावर काय उत्तर मिळालं ते ऐकू आलं नाही, पण गळ आला नाही.

दिवस कलला. पाणी सोन्यासारखं झालं, मग तांब्यासारखं. पहिली झेपावली ती धाकटी. बाणासारखी वर. मी तिच्या मागे. विचार करायला वेळच नव्हता, आणि विचार करून कुणी बाप होतही नाही. वर पाण्यात तिने अंडी सोडली, मी माझं काम केलं, आणि आमच्याभोवती पांढरा ढग उठला. मग दुसरी, मग तिसरी. त्या संध्याकाळी खडकाच्या टोकावर ढगांवर ढग उठत राहिले आणि ओहोटीचा ओघ त्यांना अलगद उचलून बाहेर घेऊन गेला. मग आम्ही सगळ्या जेवायला गेलो. रीत आहे.

आता मी म्हातारी आहे. म्हणजे म्हातारा आहे, पण इतकी वर्षं बाई म्हणून बोलले, तेव्हा जीभ वळत नाही. अंगाने दांडगी झाले आहे. फेरी मारते, रंग गडद करून दाखवते. डॉक्टर अजून येतो, मामा अजून चुकीचं सांगतो, बाईंना अजून बोट लागते.

वरच्यांनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. खेळायचं तर खेळा, तुम्हाला दुसरा उद्योग नाही हे मला समजतं. पण सोडायचंच असेल तर पाण्यावर सोडून हात झटकू नका. खालपर्यंत सोडा. घराच्या दारापर्यंत. नुसत्या मोठमोठ्यांनाच उचलू नका, आणि मेळ्याच्या दिवसांत तेवढे घरी बसा. घरी बसून काय करायचं, ते तुमच्या बायका सांगतील.

बाकी आमचं बरं चाललंय. खारफुटीतून पोरं यायला लागली आहेत. गेल्या पंधरवड्यात तर रीघच लागली, बोटभर, वीतभर, सगळ्यांची तोंडं वाकडी, सगळ्यांच्या अंगावर विटकरी ठिपके. त्यांतली माझी कुठली आणि कुणाची कुठली, ते समुद्राला ठाऊक. हलणारं दिसलं की दार उघडायची माझी जुनी सवय, पण हल्ली तोंड घट्ट मिटून बसते, जबडा दुखून येतो. धाकटीने तिच्या भोकातून दोघींना हाकललं, तर चार आत शिरल्या. वामबाईच्या दारात तर ही झुंबड! तिला शेपूट सरळ करायला जागा नाही, आणि ती दिवसभर माझ्या नावाने बोटं मोडतेय. आत्ता मी तुमच्याशी बोलतेय तोवर दोन टवाळ पोरी माझ्याच कपारीत घुसून कोपऱ्यावरून भांडताहेत, आणि मला, घरच्या बापाला, दारात ताटकळत उभं केलंय.